स्फुरद, शेणखत आणि नवे नियम : शेतकऱ्यांनी आपला हिशेब कसा बसवावा

खरिपाची तयारी सुरू होऊन कृषी सेवा केंद्रांसमोर रांगा लागू लागल्या, की शेतकरी वाचकांच्या पत्रांतून काही प्रश्न दर हंगामास जवळजवळ त्याच शब्दांत आमच्यापर्यंत येतात. डीएपी मिळत नाही, तर पेरणी थांबवावी काय? मृद आरोग्य पत्रिका दाखवल्यावाचून खत मिळणार नाही असे गावात बोलले जाते, ते खरे काय? कोंबडीखत शेतात टाकण्यास आता परवाना लागतो काय? गोठ्यातले शेणखत शेजाऱ्यास विकले, तर तो गुन्हा ठरतो काय? हा गोंधळ स्वाभाविक आहे. कारण खताच्या विक्रीचे नियम एका खात्याचे, गोठ्याच्या व कोंबड्यांच्या शेडच्या सांडपाण्याचे नियम दुसऱ्या खात्याचे, अनुदानाच्या योजना तिसऱ्याच दप्तरातल्या, आणि या सर्वांत परदेशांतील कायद्यांच्या बातम्या मिसळून जे गावात पोहोचते, त्यातून आपल्याला लागू काय आणि न लागू काय, हे निवडून काढणे कोणासही कठीणच जावे.

या लेखात आम्ही आपल्यापुढे ठेवू इच्छितो ती गोष्ट एकच आहे. पिशवी विकत घेण्यापूर्वी आपल्या जमिनीत किती स्फुरद आहे आणि आपल्या उकिरड्यावर किती आहे, याचा हिशेब मांडा. ज्याच्याजवळ हा हिशेब आणि त्यास जोडलेले कागद आहेत, त्यास टंचाईच्या दिवसांतही मार्ग सापडतो, आणि नियम त्याच्या आड न येता त्याच्या बाजूने उभे राहतात.

नियम काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

प्रथम एक गैरसमज दूर करू. नेदरलँड्ससारख्या काही युरोपीय देशांत दर हेक्टरी किती स्फुरद घालता येईल याची कायदेशीर कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती ओलांडणाऱ्या शेतकऱ्यास दंड होतो. आपल्या देशात शेतकऱ्यावर अशी कोणतीही कायदेशीर मर्यादा नाही. येथे नियमांचा रोख मुख्यतः खताच्या विक्रीवर, त्याच्या गुणवत्तेवर आणि जनावरांच्या मोठ्या आस्थापनांतून बाहेर पडणाऱ्या मलमूत्रावर आहे. आपणांशी संबंध येणाऱ्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

- खत नियंत्रण आदेश, १९८५ : अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ याखाली काढलेला हा आदेश खताची प्रत, पिशवीवरील मजकूर, विक्रेत्याचे प्राधिकारपत्र, दरफलक आणि पावती या सर्वांचे नियमन करतो. शहरी कंपोस्ट, गांडूळखत आणि स्फुरदयुक्त सेंद्रिय खत, ज्यास बाजारात प्रॉम म्हणतात, यांचे मानकही याच आदेशात आहे.
- पोषकद्रव्याधारित अनुदान : १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील अनुदान त्यांतील पोषकद्रव्यांच्या प्रमाणावर दिले जाते. म्हणूनच युरियाचा दर जसा कायद्याने बांधलेला आहे तसा प्रत्येक मिश्रखताचा नाही, आणि पिशवीवर छापलेली कमाल किंमत वाचणे आवश्यक ठरते.
- पॉस यंत्रावरील विक्री : २०१८ पासून देशभर अनुदानित खताची विक्री विक्रेत्याकडील पॉस यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवून होते. कंपनीस अनुदान मिळते ते या नोंदीवरून.
- 'भारत' नावाच्या पिशव्या : ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खते 'भारत यूरिया', 'भारत डीएपी' अशा एकाच नावाने येऊ लागली. पिशवीचे रूप बदलले म्हणून आतील घटक बदललेला नाही.
- गोबरधन व सेंद्रिय खताचे साहाय्य : गोबरधन योजनेतील जैववायू प्रकल्पांतून निघणाऱ्या आंबवलेल्या सेंद्रिय खताच्या विक्रीस टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजूर केले. हे साहाय्य उत्पादकास मिळते, शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.
- गोठे, गोशाळा व कुक्कुटपालन : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० व २०२१ या वर्षांत यांसाठी पर्यावरणविषयक मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

मृद आरोग्य पत्रिका हा सल्ल्याचा कागद आहे, परवाना नव्हे. ती नाही म्हणून खत नाकारले जात असेल, तर ते नियमाच्या आधाराने होत नाही, हे आपण निःसंकोचपणे सांगावे. स्वतःच्या गोठ्यातील खत स्वतःच्या शेतात घालण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि शेजाऱ्यास चार ट्रॉल्या उकिरड्यावरचे शेणखत देण्यानेही आपण गुन्हेगार ठरत नाही. मात्र तेच खत पिशवीत भरून, 'गांडूळखत' किंवा 'सेंद्रिय खत' असे नाव छापून, व्यापार म्हणून विकावयाचे असेल, तर खत नियंत्रण आदेशातील मानके व प्राधिकारपत्र यांचा प्रश्न उपस्थित होतो. असा व्यवसाय आरंभण्यापूर्वी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी चौकशी करावी.

स्फुरदाविषयी निर्णयापुरते जाणून घ्या

नत्र पाण्याबरोबर वाहून जाते वा हवेत उडून जाते. स्फुरद तसा जात नाही. तो जेथे पडतो तेथेच जवळपास राहतो आणि मातीतील घटकांशी बांधला जातो. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींत तो कॅल्शियमशी बांधला जातो, तर कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनींत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी. त्यामुळे घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या वाट्यास सामान्यतः १५ ते २० टक्केच येतो. उरलेला मुदतीच्या ठेवीप्रमाणे जमिनीत राहतो आणि पुढे थोडाथोडा सुटतो. ज्या बागायती शेतांत अनेक वर्षे डीएपी, मिश्रखते व कोंबडीखत सढळ हाताने पडली आहेत, त्यांत ही शिल्लक मोठी असण्याचा संभव आहे. अशा शेतात आणखी स्फुरद घातल्याने उत्पन्न वाढत नाही. उलट पिकास जस्त मिळण्यात अडथळा येतो आणि पानांवर त्याची लक्षणे दिसू लागतात.

स्फुरद शेताबाहेर जातो तो मुख्यतः वाहून जाणाऱ्या मातीच्या कणांना चिकटून. नदी-तलावांत तो पोहोचला, की शेवाळ व जलपर्णी फोफावते. उजनीच्या जलाशयात किंवा पंचगंगा-इंद्रायणीच्या पात्रांत जी जलपर्णी दिसते, तीस शहरी सांडपाणी मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे हे खरे; तथापि बांध फुटलेल्या शेतातून गेलेली सुपीक माती त्यात भर घालते, आणि ती आपल्याच पैशांची असते. म्हणून बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर खत न पसरणे, ही कामे स्फुरदाच्या व्यवस्थापनाचाच भाग समजावीत.

पहिली पायरी : मातीचा नमुना

मृद आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. योजनेत नमुने गटपद्धतीने, म्हणजे बागायतीत अडीच हेक्टरांस व कोरडवाहूत दहा हेक्टरांस एक, असे घेतले जात असल्यामुळे आपल्या हाती आलेली पत्रिका शेजारच्या शेतातील मातीवर आधारलेली असू शकते. ऊस, केळी, द्राक्षे, भाजीपाला अशी खर्चिक पिके घेणाऱ्यांनी स्वतःच्या शेताचा नमुना स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि अनेक साखर कारखाने यांच्याकडे ही सोय असते.

१. पीक निघाल्यावर व पुढील खत पडण्यापूर्वी नमुना घ्यावा. रासायनिक खत दिल्यानंतर दोन-अडीच महिने तरी जाऊ द्यावेत.
२. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा घेऊन, हंगामी पिकासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या कडेची माती काढावी.
३. बांध, विहिरीचा काठ, झाडाखालची जागा, जनावरे बसण्याची जागा व उकिरड्याची जागा टाळावी.
४. सर्व माती सावलीत वाळवून, मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देत अर्धा किलो उरवावी.
५. कापडी पिशवीत नाव, गट क्रमांक, मागील पीक, पुढील पीक व ओलिताची सोय यांची चिठ्ठी घालावी. खताच्या रिकाम्या पिशवीत माती कदापि भरू नये.

अहवाल हाती आल्यावर उपलब्ध स्फुरदाचा आकडा पाहावा. हेक्टरी १० किलोंपेक्षा कमी असल्यास कमी, १० ते २५ मध्यम आणि २५ पेक्षा अधिक असल्यास भरपूर, असे स्थूल वर्गीकरण आहे. कमी असल्यास पिकाच्या शिफारशीत एक चतुर्थांश वाढ, मध्यम असल्यास शिफारशीइतकेच, आणि भरपूर असल्यास एक चतुर्थांश कपात, हा सर्वसाधारण नियम धरून चालावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: अहवालातील आकडा शिफारशीतून सरळ वजा करू नये. तो आकडा मूलद्रव्य स्फुरदाचा आणि शिफारस ऑक्साइड रूपातील स्फुरदाची असते. शिवाय मातीची परीक्षा ही पातळी दर्शवते, पोत्यांत मोजावयाचा साठा नव्हे.

दुसरी पायरी : उकिरड्याचा हिशेब

जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या स्फुरदाचा बहुतेक भाग शेणात असतो, तर मूत्रात मुख्यतः नत्र व पालाश. म्हणून गोठ्यातील मूत्राने भिजलेला काडीकचरा फेकून दिल्यास नत्र-पालाश गमावतो, आणि शेणाच्या गोवऱ्या जाळल्यास नत्र तर सर्व जातेच, पण स्फुरदही शेतात न येता राखेबरोबर परसात पडतो. खतांत साधारणतः किती पोषकद्रव्य असते, याचे हिशेबापुरते आकडे एका टनामागे असे धरावेत.

- चांगले कुजलेले शेणखत : नत्र ५ किलो, स्फुरद २ किलो, पालाश ५ किलो.
- कोंबडीखत : नत्र ३० किलो, स्फुरद २६ किलो, पालाश १४ किलो.

यांतील स्फुरदापैकी साधारण ६० टक्के, पिशवीतील स्फुरदाच्या बरोबरीचा म्हणून, हिशेबात धरावा. या दोन ओळींतील अंतर लक्षपूर्वक पाहावे. जेथे शेणखताच्या दोन ट्रॉल्यांनी स्फुरदाची गरज जेमतेम चाळवली जाते, तेथे कोंबडीखताची एक ट्रॉली ती जवळजवळ भागवून टाकते. आणि तरीही अनेक शेतकरी कोंबडीखत घालून वर डीएपीची पूर्ण मात्रा देतात, तेव्हा पैसा व जमीन या दोहोंचे नुकसान होते.

तिसरी पायरी : उरलेली गरज

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी आहे. म्हणजे एकरी सुमारे ४८, २४ व १६ किलो. आता तीन शेतांचा हिशेब पाहू.

- मध्यम जमीन, एकरी दोन टन शेणखत : गरज २४ किलो, शेणखतातून सुमारे अडीच किलो. उरली साडेएकवीस किलो. डीएपीची एक पिशवी किंवा सिंगल सुपर फॉस्फेटच्या पावणेतीन पिशव्या पुरतात.
- कमी स्फुरदाची जमीन, एकरी दोन टन शेणखत : गरज ३० किलो, उरली साडेसत्तावीस. सुपर फॉस्फेटच्या साडेतीन पिशव्या.
- भरपूर स्फुरदाची जमीन, एकरी एक टन कोंबडीखत आधीच पडलेले : गरज १८ किलो, कोंबडीखतातून सुमारे १६ किलो. स्फुरदाची पिशवी घेण्याचे कारण नाही. बियाण्यास स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळावेत आणि तो पैसा जस्त वा पालाश यांकडे वळवावा.

हाच हिशेब आपल्या पिकाची शिफारस घेऊन आपण करू शकता. गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडून शिफारस लिहून घ्यावी. ऐकीव मात्रेवर विसंबू नये.

डीएपी न मिळाल्यास

आपल्या देशात फॉस्फेट खडकाचे साठे, राजस्थानातील झामरकोटड्यासारखे अपवाद वगळता, थोडे आहेत, आणि डीएपी व त्याचा कच्चा माल यांसाठी आपण परदेशांवर अवलंबून आहोत. निर्यात करणाऱ्या देशाने हात आखडला, की त्याचा परिणाम आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत येतो. अशा वेळी पेरणी थांबवण्याचे कारण नाही.

सिंगल सुपर फॉस्फेट. डीएपीच्या ५० किलोंच्या पिशवीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असतो. सुपर फॉस्फेटच्या पिशवीत ८ किलो स्फुरद व साडेपाच किलो गंधक असतो. तीन पिशव्या सुपर फॉस्फेट आणि २० किलो युरिया मिळून डीएपीच्या एका पिशवीचे काम होते, आणि वर साडेसोळा किलो गंधक मिळतो. सोयाबीन, भुईमूग, करडई व कडधान्ये यांना गंधकाची गरज असल्यामुळे त्यांच्यासाठी हा पर्याय अनेकदा अधिक श्रेयस्कर ठरतो. वाहतुकीचा व मजुरीचा भार मात्र वाढतो, तो हिशेबात धरावा.

मिश्रखते. १०:२६:२६, १२:३२:१६, २०:२०:०:१३ यांसारख्या खतांत पालाश वा गंधकही येतो. पिशवीचा दर न पाहता एक किलो स्फुरदास किती रुपये पडतात, हे काढून तुलना करावी. १०:२६:२६ च्या एका पिशवीत १३ किलो स्फुरद व १३ किलो पालाश असतो. पालाशाची गरज असेल तरच त्याची किंमत मोजावी.

स्फुरदयुक्त सेंद्रिय खत. प्रॉममध्ये किमान १०.४ टक्के स्फुरद असावा असे मानक आहे. ५० किलोंत ५ किलोंहून थोडा अधिक. त्याचा स्फुरद सावकाश सुटतो. आम्लधर्मी जमिनींत ते अधिक उपयोगी. चुनखडीच्या जमिनीत प्रथम थोड्या क्षेत्रावर घालून पाहावे.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू. हे जिवाणू नवा स्फुरद निर्माण करीत नाहीत. जमिनीत बांधलेला मोकळा करतात. म्हणून शिल्लक भरपूर असलेल्या जमिनीत त्यांचा उपयोग अधिक. खरेदी करताना उत्पादनाची व अंतिम मुदतीची तारीख पाहावी, पाकीट उन्हात ठेवलेले नसावे, आणि बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यास जिवाणू सर्वांत शेवटी चोळावेत.

यांपैकी कोणताही पर्याय घेतला, तरी स्फुरद पसरून देऊ नये. पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली व किंचित बाजूस पेरून द्यावा. उभ्या पिकात वरून टाकलेला दाणेदार डीएपी मुळांपर्यंत फारसा पोहोचत नाही.

शेणखत कुजवण्याची योग्य रीत

उघड्यावर, पावसात भिजत व उन्हात वाळत पडलेला उकिरडा आपल्या पोषकद्रव्यांचा मोठा भाग गमावून बसतो. कच्च्या शेणखतातून तणांचे बी पसरते, वाळवी लागते आणि हुमणीचे भुंगेरे त्यात अंडी घालतात. उसाच्या पट्ट्यात हुमणीने होणारी हानी आपणांस ठाऊकच आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नाडेप पद्धत थोड्या शेणात पुष्कळ खत देते, म्हणून एक-दोन जनावरे असणाऱ्यांस ती विशेष सोयीची आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे, भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेले टाके बांधून त्यात काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर देतात. सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्यास ९० ते १०० किलो शेण पुरते, आणि तीन ते चार महिन्यांत अडीच-तीन टन खत तयार होते. थर देताना फॉस्फेट खडकाची भुकटी व जिवाणू मिसळल्यास खतातील स्फुरदाचे प्रमाण वाढते.

टाक्यासाठी साहाय्य हवे असल्यास ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. नाडेप व गांडूळखताची टाकी रोजगार हमीच्या वैयक्तिक लाभाच्या कामांत घेतली गेली आहेत. सातबारा व आठ-अ चे उतारे, आधार, बँकेचे पासबुक व शेतकरी ओळख क्रमांक हे कागद आधीच तयार ठेवावेत. पूर्वसंमतीपूर्वी केलेल्या खर्चाची मागणी सहसा मान्य होत नाही.

कोंबडीखत वापरताना

- ताजे कोंबडीखत पिकास थेट देऊ नये. त्यातील अमोनियाने मुळे करपतात व माश्यांचा उपद्रव गावभर होतो. काडीकचरा मिसळून, ओलावा राखून, दीड-दोन महिने झाकून कुजवावे.
- विहीर, ओढा व पाणवठा यांपासून ढीग दूर, उंच जागी ठेवावा. भोवती चर काढून पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर वळवावे.
- एकाच शेतात दरवर्षी न घालता शेते आलटूनपालटून घ्यावीत, आणि ज्या शेताचा अहवाल भरपूर स्फुरद दाखवतो, ते त्या वर्षी वगळावे.
- रस्त्यावरून आणताना ट्रॉलीवर ताडपत्री टाकावी. शेजाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

गोठा किंवा शेड असणाऱ्यांसाठी

प्रदूषण मंडळाच्या सूचनांचा गाभा असा, की शेण व धुण्याचे पाणी गटारात, ओढ्यात वा नदीत सोडू नये. ते साठवून खत, गांडूळखत वा जैववायू यांसाठी वापरावे. घरच्या दोन-चार गुरांच्या गोठ्यास मंडळाच्या संमतीच्या सोपस्कारांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. व्यावसायिक दुग्धालय, विशेषतः नगरहद्दीतील, आणि मोठ्या संख्येचे कुक्कुटपालन यांची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०२० मधील आदेशानंतर पाच हजारांहून अधिक पक्षी असणाऱ्या शेडचा संमतीच्या दृष्टीने विचार होऊ लागला. आपली क्षमता या संख्येच्या आसपास असेल, तर पुढील क्रमाने चालावे.

१. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या उपप्रादेशिक कार्यालयास पक्ष्यांची वा जनावरांची संख्या, गट क्रमांक व खताच्या विल्हेवाटीची रीत लिहून अर्ज करावा आणि संमतीची आवश्यकता लेखी विचारावी.
२. शेड बांधण्यापूर्वी वस्ती, पाणवठे व रस्ते यांपासून राखावयाचे अंतर विचारून घ्यावे. उभी राहिलेली शेड हलवता येत नाही.
३. खत कोणास, किती व कोणत्या तारखेस दिले याची वही ठेवावी. तक्रार झाल्यास आपला पहिला पुरावा हीच वही होय.
४. गावठाणात रस्त्यालगतच्या ढिगास ग्रामपंचायत आक्षेप घेऊ शकते. नोटीस आल्यास मुदतीत लेखी उत्तर द्यावे, तोंडी समजुतीवर थांबू नये.

दुकानात आपले हक्क

- विक्रेत्याने शिल्लक साठा व दर यांचा फलक दर्शनी भागी लावला पाहिजे.
- प्रत्येक खरेदीची पावती, रोखीची असो वा उधारीची, मिळालीच पाहिजे. पॉस यंत्राची पावतीही मागून घ्यावी व तीवरील पिशव्यांची संख्या आपण घेतलेल्या पिशव्यांशी जुळते की नाही, ते तेथेच पाहावे. आपल्या अंगठ्यावर अधिक पिशव्या चढवल्या गेल्या, तर टंचाईच्या काळात तो माल भलतीकडे जातो.
- छापील कमाल किमतीहून अधिक घेता येत नाही. डीएपीच्या ५० किलोंच्या पिशवीची ही किंमत अलीकडच्या वर्षांत १,३५० रुपये राहिली आहे.
- डीएपी हवा असेल तर सोबत अमुक द्रवखत घ्यावेच लागेल, अशी सक्ती, जिला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात, ती मान्य करणे आपणांवर बंधनकारक नाही.
- पिशवी यंत्राने शिवलेली असावी. वजन, घटक, उत्पादक व उत्पादनाचा महिना स्पष्ट असावा.

बनावट डीएपीची शंका आल्यास चार दाणे तळहातावर घेऊन चुना मिसळून चोळावेत. खरा असेल तर नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो. दाणे तव्यावर मंद आचेवर तापवल्यास फुगतात. या चाचण्या केवळ शंकेसाठी. कायदेशीर निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालानेच होतो. म्हणून शंका आली की पिशवी तशीच ठेवून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे वा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि खत निरीक्षकाने दुकानातील साठ्याचा नमुना घ्यावा अशी मागणी करावी. दूरध्वनीवर सल्ला हवा असल्यास किसान कॉल सेंटरचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे.

निकृष्ट खतामुळे नुकसान झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत फिर्याद करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणास शुल्क पडत नाही. शेतकरी हा ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या संदर्भात २०१२ च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. मूळ पावती, रिकामी पिशवी, पिकाची छायाचित्रे आणि कृषी अधिकाऱ्यांचा पंचनामा, ही चार साधने हाती असल्यावाचून तेथे जाऊ नये.

नेहमी घडणाऱ्या चुका

- शेजाऱ्याने दोन पिशव्या टाकल्या म्हणून आपणही टाकणे. त्याच्या शेताचा अहवाल आपला नव्हे.
- डीएपीतील नत्र न वजा करता युरियाची पूर्ण मात्रा देणे. गव्हाच्या उदाहरणात ४८ किलोंतून हे ९ किलो वजा केल्यास एकरी सुमारे २० किलो युरिया वाचतो.
- स्फुरदयुक्त खत व झिंक सल्फेट एकत्र कालवून ठेवणे. दोन्ही परस्परांस बांधून टाकतात. जस्त शेणखतात मिसळून स्वतंत्रपणे द्यावे.
- शेणखत उन्हाळ्यात शेतात आणून ढीग न पसरता आठवडेच्या आठवडे ठेवणे. पसरले की लगेच कुळवाच्या पाळीने मातीत मिसळावे.

वर्षाचे वेळापत्रक

- मार्च-एप्रिल : रब्बी निघाल्यावर मातीचे नमुने; उकिरड्याची मोजदाद.
- मे : अहवाल हाती घेऊन एकरी हिशेब, खताची खरेदी दोन टप्प्यांत, शेवटच्या दिवसाची वाट न पाहता.
- मेअखेर ते जून : शेणखत मातीत मिसळणे, बांध दुरुस्ती, पेरणीबरोबर स्फुरद.
- ऑगस्ट-सप्टेंबर : तण व काडीकचऱ्याने नाडेप टाके भरणे, रब्बीच्या खताची चौकशी.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : रब्बी पेरणीबरोबर उरलेल्या गरजेपुरताच स्फुरद.
- डिसेंबर-जानेवारी : पावत्या, अहवाल व खताच्या नोंदी एका वहीत लावून ठेवणे.

या सर्वांसाठी शंभर पानी वही, मातीच्या तपासणीचा अल्प खर्च आणि हंगामापूर्वीची एक-दोन दुपार यांहून अधिक काही लागत नाही. नियम पुढेही बदलत राहतील, दर चढतील-उतरतील, एखाद्या वर्षी डीएपीची जहाजे वेळेवर येणार नाहीत. परंतु आपल्या प्रत्येक शेताच्या नावे एक पान आणि त्या पानावर मातीचा अहवाल, घातलेले खत व मिळालेले उत्पन्न अशा तीन नोंदी असतील, तर दुकानदाराच्या आग्रहाला, अधिकाऱ्याच्या प्रश्नाला आणि बाजारातील अफवेला देण्यासाठी आपणांजवळ स्वतःचे उत्तर असेल. येत्या हंगामापूर्वी निदान एका शेताचे पान आपण लिहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.